सपाट चमचा शिकवणारी बाई : फॅनी फार्मर

माझ्या मुलीने लग्नानंतर परगावी बिऱ्हाड केले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने मला चिंच-गुळाची आमटी विचारली. मी आपले नेहमीप्रमाणे सांगितले की लिंबाएवढी चिंच घ्यावी, सुपारीएवढा गूळ घ्यावा, मीठ चवीपुरते. तिने लिंबू केवढे असे विचारले आणि मी गप्पच झाले. कागदी लिंबू निराळे, ईडलिंबू निराळे. आईच्या शेजारी उभे राहून शिकलेल्या आम्हांला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

हे मी घरात बोलून दाखवले तेव्हा माझ्या पुतणीने फॅनी फार्मर या अमेरिकन बाईंची हकीकत इंग्रजीतून वाचून मला सांगितली. तिकडे या बाई फार प्रसिद्ध आहेत. ती हकीकत आपल्या स्मरणिकेत यावी असे मनात आले.

फॅनीचा जन्म २३ मार्च १८५७ रोजी बॉस्टन शहरात झाला. वडील छापखान्याच्या धंद्यातले होते. चार बहिणींत फॅनी थोरली. बेत असा की तिने पुष्कळ शिकावे. पण सोळाव्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. कित्येक वर्षे तिला चालता येत नव्हते. शाळा सुटली ती कायमची. पुढे ती उठून हिंडूफिरू लागली, तरी पाय जन्मभर लंगडाच राहिला. सातवीनंतर माझीही शाळा सुटली, परंतु मला हातपाय धड होते. त्या वयाच्या मुलीला खिडकीतून मैत्रिणी शाळेत जाताना पाहून काय वाटले असेल, ते मला सांगता येणार नाही.

घरात बसून काय करायचे, म्हणून ती आईच्या स्वयंपाकघरात शिरली. घरी पैसे देऊन राहणारे बिऱ्हाडकरू ठेवले होते, आणि त्या घरच्या जेवणाचे नाव होऊ लागले. नंतर तिने दुसऱ्या एका कुटुंबात घरकामात मदतनीस म्हणून नोकरी धरली. तिशीला आल्यावर, बऱ्याच जणी ज्या वयात आता आपले काय शिकायचे राहिले असे म्हणतात त्या वयात, ती बॉस्टनच्या स्वयंपाक-शाळेत दाखल झाली. ही शाळा १८७९ मध्ये तिथल्या स्त्रियांच्याच एका शिक्षणसंस्थेने काढली होती, हे आपल्या मंडळाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८८९ मध्ये फॅनी तिथून उत्तीर्ण झाली, तिथेच मदतनीस शिक्षिका म्हणून राहिली आणि पुढे शाळेची मुख्य झाली.

त्या काळी तिकडेही आपल्यासारखेच चाले. लोणी अंड्याएवढे घ्यावे, पीठ लागेल तेवढे घालावे, अशी मापे असत. त्याच शाळेच्या आधीच्या मुख्य मेरी लिंकन यांनी १८८४ च्या आपल्या पुस्तकात मापे दिली होती, तेव्हा सगळे श्रेय फार्मरबाईंना देणे बरोबर नाही. पण चमचा शिगोशीग नको, पेला दाबून नको, दोन्ही भरून वरून सुरीच्या पात्याने सपाट करा, हा आग्रह फार्मरबाईंनी धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

त्यांचे पेल्याचे माप म्हणजे सुमारे २३७ मिलिलिटर. तीन लहान चमच्यांचा एक मोठा चमचा, आणि सोळा मोठ्या चमच्यांचा एक पेला. पीठ आधी चाळावे, मग चमच्याने अलगद पेल्यात भरावे, पेला आपटू नये. हे मी घरी करून पाहिले. चाळून अलगद भरलेली वाटीभर कणीक दुसऱ्या वाटीत दाबून भरली, तर ती वाटी भरेचना! केक बसला की आपण भट्टीला दोष देतो, चूक असते ती इथे. शिवाय सारख्या मापाचे वजन सारखे नसते. साखरेचे दोन पेले एक पौंड भरतात, तर पिठाचे चार लागतात.

हे सारे त्यांनी १८९६ साली पुस्तकात घातले. प्रकाशकांना ते खपेल असे वाटत नव्हते, म्हणून पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च बाईंनीच सोसला. हक्क त्यांच्याकडेच राहिले आणि पुढे पुस्तक लाखांनी खपले. त्यातले बरेचसे पदार्थ मांस-अंड्यांचे आहेत, ते ज्यांना चालतात त्यांनी बघावे. पण कोणता जिन्नस काय काम करतो हे त्या आधी सांगतात. बेकिंग पावडरचेच घ्या. त्यात खाण्याचा सोडा असतो आणि क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे द्राक्षाच्या दारूच्या पिंपात तळाला बसणारी एक आंबट पूड. दोन्ही कोरडी असताना एकमेकांना भिडू नयेत म्हणून थोडे पिठूळ सत्त्व मिसळतात. पाणी लागले की वायू सुटतो आणि पीठ फुगते. ढोकळ्याच्या पिठात आपण ताक आणि सोडा घालतो, तोच हा प्रकार.

१९०२ मध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली. तिथे मुख्यतः गृहिणींना आणि परिचारिकांना शिकवीत. १९०४ मध्ये आजाऱ्यांच्या आहारावर पुस्तक लिहिले, आणि आपले खरे काम तेच असे त्यांना वाटे. स्वतः आजारपण काढलेल्या माणसाला ते वाटणारच. आजाऱ्याचे ताट थोडक्यात, नीटनेटके आणि डोळ्यांना बरे वाटेल असे असावे, यावर त्यांचा भर होता. मधुमेहाच्या पथ्यावरही त्यांनी लिहिले, आणि तेव्हा इन्सुलिन निघायला अजून अवकाश होता, पथ्य हाच मुख्य आधार होता. हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत त्यांची व्याख्याने झाली. जिची शाळा सोळाव्या वर्षी सुटली, तिचे डॉक्टरांनी बसून ऐकले.

शेवटची सात वर्षे त्यांनी चाकांच्या खुर्चीत काढली. शिकवणे थांबवले नाही. मृत्यूच्या दहा दिवस आधीपर्यंत त्यांची व्याख्याने चालू होती. जानेवारी १९१५ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्या गेल्या.

आपल्याकडे १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि वाटी-चमच्याचे माप घरोघर गेले. माझ्याकडेही ते आहे, पण सासरची आमटी त्यात कशी सापडणार? म्हणून एका दुपारी मी चिंचेचा कोळ काढला, चमच्याने मोजला, गूळ किसून मोजला आणि मुलीला लिहून पाठवले. हिंग मात्र दोनदा मोजायला घेतला आणि दोन्ही वेळा चिमटीनेच टाकला. तेवढे एक माप अजून व्हायचे आहे.