अठरा वर्षांचा मुलगा, अठरा वर्षांचं शिल्प

आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या पडवीत मुलाची सायकल अजून उभी आहे. मुलगा जाऊन सहा वर्षं झाली. दर रविवारी काकू ती पुसतात. येणारी-जाणारी प्रत्येकजण म्हणते, आता देऊन टाका कुणाला तरी. मीही म्हणायचे. पण केथे कोलविट्झची गोष्ट वाचली आणि माझं तोंड बंद झालं.

केथे जर्मनीतली नामवंत चित्रकार आणि शिल्पकार. जन्म १८६७ चा. नवरा कार्ल डॉक्टर. बर्लिनच्या कामगार वस्तीत त्याचा दवाखाना होता. तिथे येणाऱ्या गांजलेल्या बायका, त्यांची कडेवरची पोरं हेच केथेच्या चित्रांचे विषय झाले. तिला हान्स आणि पेटर असे दोन मुलगे.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. धाकट्या पेटरला सैन्यात जायचं होतं. वय अवघं अठरा, त्यामुळे वडिलांची परवानगी हवी. कार्लची तयारी नव्हती. मुलाचा हट्ट पाहून केथेनेच नवऱ्याची समजूत घातली. पेटर गेला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये बेल्जियममध्ये मारला गेला.

मैत्रिणींनो, मुलगा गेल्याचं दुःख एक, आणि आपणच त्याला जाऊ दिलं ही टोचणी दुसरी. केथेच्या वाट्याला दोन्ही आलं. पेटरची खोली तिने तशीच ठेवली, तिथे फुलं ठेवली. त्याच वर्षी त्याचं स्मारक करायचं ठरवलं. निजलेला पेटर, उशाशी बाप, पायथ्याशी आई, अशी तिची कल्पना होती. माती कालवायची, आकार द्यायचा, पुन्हा मोडायचा. मनासारखं काही होईना. १९१९ मध्ये तिने ते काम बाजूला ठेवलं. पण सोडलं नाही.

काही वर्षांनी पुन्हा हात घातला, तेव्हा मुलाची आकृतीच गळाली. उरले फक्त गुडघे टेकलेले आई-बाप. बापाने हात स्वतःभोवतीच घट्ट आवळलेत, आई खाली वाकलीय. चेहरे कार्लचे आणि तिचे. मुलगा नसल्यामुळे ते पेटरचेच आई-बाप राहिले नाहीत. मूल गमावलेल्या कुणाचेही झाले.

१९३२ मध्ये ही ग्रॅनाइटची शिल्पं बेल्जियममधल्या दफनभूमीत बसवली. पेटर जगला अठरा वर्षं, आणि आईला त्याचं स्मारक पुरं करायलाही जवळजवळ तेवढीच लागली. आज ती व्लाडस्लो गावच्या दफनभूमीत आहेत. समोर पंचवीस हजारांहून जास्त जर्मन सैनिक विसावलेत, पेटरही त्यांच्यातच.

पुढेही नशिबाने तिला सोडलं नाही. नाझींनी १९३३ मध्ये तिला कला अकादमीतून बाहेर काढलं. १९४० मध्ये कार्ल गेला. १९४२ मध्ये नातू रशियात मारला गेला, त्याचंही नाव पेटर. १९४३ मध्ये बर्लिनचं घर बॉम्बहल्ल्यात गेलं. युद्ध संपायला काही दिवस उरले असताना, एप्रिल १९४५ मध्ये तिने डोळे मिटले.

आपल्याकडे तेरावं झालं की बाईने पदर खोचून कामाला लागायचं. रडली तर अजून किती दिवस, असं विचारतात. केथेही कामाला लागली, पण तिचं कामच मुलाची आठवण होतं.

मागच्या रविवारी काकूंकडे गेले. त्या सायकल पुसत होत्या. काही न बोलता मी दुसरं फडकं घेतलं. चाक पुसता पुसता काकू पहिल्यांदाच मुलाबद्दल भरभरून बोलल्या.