तंजावरचे श्वार्ट्झसाहेब

ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ हे १७२६ त प्रशिया देशीं जन्मले व १७५० त तरंगंबाडी येथें मिशनरी होऊन आले. स्वभाव अत्यंत मनमिळाऊ. शिपाई, ब्राह्मण, शेतकरी, जो भेटे त्याशीं ते त्याच्याच भाषेंत मोकळेपणानें बोलत. यासाठीं तामिळखेरीज फारशी, हिंदुस्थानी व आपली मराठीहि त्यांनीं शिकून घेतली. तंजावरास तेव्हां भोसल्यांचें राज्य होतें.

१७७९ त मद्रास सरकारनें त्यांस श्रीरंगपट्टणास हैदर अलीकडे पाठविलें. इंग्रजांवर हैदराचा विश्वास नव्हता, पण या पाद्र्याला जवळ बसवून तो मनमोकळें बोलला. सलोखा मात्र टिकला नाहीं. पुढल्याच वर्षीं युद्ध पेटलें.

त्या युद्धांत तंजावरच्या किल्ल्यांत लोक उपाशी मरूं लागले. बाहेर धान्य होतें, पण तें आणण्यास शेतकरी बैल देईनात. कां द्यावे? पूर्वीं त्यांचे पैसे बुडविले होते. राजा व सरकारी अंमलदार यांचें कोणी ऐकेना. तेव्हां श्वार्ट्झसाहेबांनीं पैशांची हमी स्वतः घेतली. एकदोन दिवसांत हजारांवर बैल आले! साहेबांनीं आपल्या उपदेशकांपैकीं एकाला व इतर ख्रिस्ती मंडळींना धान्य आणण्यास गांवोगांव धाडिलें, आणि परत आल्यावर प्रत्येकाचे पैसे चुकते केले.

राजे तुळजाजी १७८७ त वारले. मरतांना त्यांनीं दत्तक पुत्र शरफोजी यांस साहेबांच्या हवालीं केलें. शरफोजी ख्रिस्ती झाले नाहींत, व त्यामुळें साहेबांच्या ममतेंत उणें आलें नाहीं. १३ फेब्रुवारी १७९८ रोजीं साहेब निवर्तले, तेव्हां शरफोजी प्रेताजवळ येऊन रडले.