विश्लेषण : सरकारी एस्टिमेटर ते निजामाचा ‘राजा’, लाला दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्याने काय टिपले, काय नाही?

सोशल मीडियावर ‘जुने हैदराबाद’ किंवा ‘शंभर वर्षांपूर्वीचा दौलताबाद’ अशा नावाने फिरणारे तपकिरी फोटो तुम्ही नक्की पाहिले असतील. ते फॉरवर्ड करताना खाली छायाचित्रकाराचे नाव क्वचितच असते. त्यातले बरेचसे एकाच माणसाने आणि त्याच्या स्टुडिओने काढलेले आहेत. त्याचे नाव लाला दीनदयाळ. इमारतींचे बांधकाम समजून घेऊन ते फोटोत आणणारा हा माणूस मूळचा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी होता. फोटो काढण्याची नोकरी त्याला कोणी दिली नव्हती. ती त्याने स्वतःच उभी केली.

इंदूरच्या कचेरीत कॅमेरा कुठून आला?

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. १८६६ मध्ये ते रुरकीच्या थॉमसन सिव्हिल इंजिनीअरिंग कॉलेजात दाखल झाले. हे कॉलेज म्हणजे आजचे आयआयटी रुरकी. तिथून बाहेर पडल्यावर इंदूरला बांधकाम खात्याच्या कचेरीत मुख्य एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून ते रुजू झाले. काम काय, तर नकाशे काढायचे, किती विटा, किती चुना, किती मजुरी लागेल याचा हिशेब मांडायचा. सिव्हिलच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, एस्टिमेशन हा काही स्वप्ने दाखवणारा विषय नाही. (प्रस्तुत लेखकाने तो दोनदा दिला आहे.)

१८७४ च्या सुमारास त्यांनी छंद म्हणून कॅमेरा हातात घेतला. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी प्रोत्साहन दिले. मध्य भारतातले ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी सर हेन्री डॅली यांचीही ओळख त्यांना मिळाली. इंदूरचे डॅली कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे डॅली. पुढे १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स भारत दौऱ्यावर आला, तेव्हा त्या भेटीचे फोटो काढण्याची संधी दीनदयाळ यांना मिळाली. नोकरी मात्र सुरूच होती.

तेव्हा फोटो काढणे म्हणजे काय दिव्य होते, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. त्या काळात ओल्या काचेची पद्धत चालायची. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव एकसारखा पसरायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळण्याआधी डेव्हलप करायची. या सगळ्याला मिनिटे मोजकी. मध्य भारतातल्या उन्हात तर त्याहून कमी. म्हणून जिथे फोटो, तिथेच काळोखा तंबू, पाणी, रसायने, जड काचांच्या पेट्या. फोटो मोठा हवा असेल तर काचही तेवढीच मोठी लागायची, कारण काच कागदावर थेट टेकवूनच छपाई व्हायची. १८८० च्या आसपास कोरड्या काचा बाजारात आल्या आणि हा तंबूचा संसार सुटला.

इमारती इतक्या सरळ कशा?

एक प्रयोग करून बघा. घराखाली उभे राहून समोरच्या उंच इमारतीचा फोटो फोनवर काढा. वरचा मजला बसवण्यासाठी फोन मागे झुकवाल आणि इमारतही मागे कलल्यासारखी दिसेल, वर निमुळती होत जाईल. कारण फोनमधला सेन्सर आणि भिंत आता समांतर राहिलेले नाहीत. एडिटिंग अ‍ॅपमध्ये ‘पर्स्पेक्टिव्ह’ची पट्टी सरकवून आपण ते दुरुस्त करतो.

दीनदयाळ यांच्या काळातल्या मोठ्या कॅमेऱ्यात ही दुरुस्ती फोटो काढण्याआधीच करता यायची. काच असलेला मागचा भाग भिंतीला समांतर, उभाच ठेवायचा आणि पुढची लेन्स तेवढी वर सरकवायची. काळ्या कापडाखाली डोके घालून धूसर काचेवर उलटे दिसणारे चित्र पाहत हे जुळवावे लागे. आयुष्यातली अनेक वर्षे ड्रॉइंग बोर्डावर उभ्या-आडव्या रेषा आखणाऱ्या माणसाला ते उलटे चित्र फारसे परके वाटले नसावे.

त्यांचे इमारतींचे फोटो पाहताना ही सवय जाणवते. खांब सरळ, कोपरे स्पष्ट, पायथा आणि शिखर दोन्ही चौकटीत. बऱ्याचदा एखादा माणूस पायरीशी किंवा कमानीत उभा असतो. त्याच्या उंचीवरून वास्तू किती मोठी आहे, हे झटकन कळते.

१८८२ मध्ये डॅलींच्या जागेवर नंतर आलेले सर लेपेल ग्रिफिन बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा दीनदयाळ सोबत होते. ग्वाल्हेर, दतिया, ओरछा, सांची येथील वास्तूंचे फोटो आणि ग्रिफिन यांचा मजकूर असे पुस्तक १८८६ मध्ये लंडनहून निघाले. सांचीला त्याच सुमारास मेजर कोल यांच्या देखरेखीखाली पडलेली तोरणे पुन्हा उभी केली जात होती. पुढे जॉन मार्शल यांच्या काळात तिथे आणखी मोठे काम झाले. त्यामुळे त्या आधीचा स्तूप कसा दिसत होता, हे पाहायला हे फोटो आजही उघडावे लागतात.

पक्की नोकरी का सोडली?

कारण सरळ आहे, काम वाढले होते. १८८० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी दोन वर्षांची रजा घेतली आणि नंतर सरकारी कचेरीकडे पाठ फिरवली. १८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली. त्याच सुमारास हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराशी संबंध जुळला आणि दीनदयाळ यांनी सिकंदराबादला स्टुडिओ थाटला. १८९२ मध्ये हैदराबादेत फक्त स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ निघाला. पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो पुरुषाने काढणे शक्य नव्हते, म्हणून तिथे कॅमेऱ्यामागेही स्त्रीच होती. १८९४ मध्ये निजामाने त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. १८९६ मध्ये मुंबईत भव्य स्टुडिओ सुरू झाला आणि १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाकडून शाही छायाचित्रकाराची सनद मिळाली.

यादी देदीप्यमान आहे. पण तीच थोडी थांबून वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. इंदूर सोडले तरी दीनदयाळ यांचे गिऱ्हाईक कायम सत्तेतलेच राहिले. व्हाइसरॉय, निजाम, संस्थानिक, लष्करी अधिकारी. वाघाची शिकार झाली की तिचा फोटो, कवायत झाली की तिचा फोटो, राजवाडा बांधला की प्रत्येक दालनाचा फोटो. एवढ्या काचा, एवढी माणसे आणि एवढे स्टुडिओ चालवायला पैसा लागतो आणि तो तिथेच होता. त्यांना दोष देण्यात फार अर्थ नाही. फोटो पाहणाऱ्याने मात्र बिल कोणी भरले हे विसरू नये.

मराठवाड्याचा यात काय संबंध?

संबंध जवळचा आहे. तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा हे सगळे दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्यासमोर आले. निजामाच्या मुलखातील दृश्यांचे जे अल्बम १८९२ च्या सुमारास तयार झाले, त्यात गोवळकोंडा आणि कुतुबशाही कबरींच्या बरोबरीने हा भागही आहे.

पण याच भागाचा आणखी एक अल्बम आहे आणि तो पाहणे सोपे नाही. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबाद परिसरात निजाम सरकारने मदतीची कामे काढली. दीनदयाळ यांच्या स्टुडिओने त्यांचे फोटो काढले. अल्बमचा विषय होता निजामाची सत्कार्ये. म्हणजे मदत वेळेवर आणि व्यवस्थित पोहोचते आहे, हे दाखवणे हा हेतू. तरीही हाडांचा सापळा झालेली माणसे कॅमेऱ्यासमोर आहेतच. त्यांची नावे कुठे नोंदलेली दिसत नाहीत. निजामाच्या महालातल्या दालनांना नावे आहेत.

आपल्या गावाकडच्या दुष्काळाच्या गोष्टी आजी-आजोबांकडून तोंडीच ऐकलेल्या असतात. त्या काळातल्या इथल्या साध्या माणसांचे चेहरे पाहायचे तर हाती येणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे, तीही एका सरकारी प्रसिद्धीच्या अल्बममध्ये.

फोटोंतल्या कित्येक वास्तू आज कुठे आहेत?

काही उभ्या आहेत, काही नाहीत. फलकनुमा महाल आता हॉटेल आहे. बशीरबाग महाल पाडला गेला, हैदराबादेत उरले ते त्या भागाचे नाव. १९०८ मध्ये मुसी नदीला आलेल्या महापुराने शहराचा मोठा भाग वाहून गेला. दीनदयाळ १९०५ मध्ये वारले, म्हणजे त्यांनी पाहिलेले हैदराबाद पुराआधीचे होते. पुरानंतर नदीकाठाची नव्याने आखणी झाली. तिथे आधी काय होते, हे शोधणाऱ्यांना या काचांकडे वळावे लागते.

दीनदयाळ यांच्यानंतर मुंबईचा स्टुडिओ फार काळ टिकला नाही. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २८५७ काचेच्या निगेटिव्ह विकत घेतल्या. टपाल खात्याने २००६ मध्ये त्यांच्यावर तिकीटही काढले.

फोनवर पाहायचे असतील तर विकिमीडिया कॉमन्सवर ‘लाला दीनदयाळ’ आणि ‘राजा दीनदयाळ’ अशा दोन्ही नावांनी, इंग्रजी स्पेलिंग वापरून शोधा. एकाच माणसाचे काम दोन नावांखाली विखुरलेले सापडते. फोटो उघडला की बोटांनी मोठा करा आणि पायऱ्यांजवळ पाहा. तिथे बहुतेक वेळा कोणीतरी उभे असते.