दिव्यापलीकडची फ्लॉरेन्स नाइटिंगेल

हाती दिवा घेऊन रात्री जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्या सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे. मलाही ती तेवढीच ठाऊक होती. गेल्या वर्षी आपल्या ग्रंथालयात तिचे चरित्र हाती आले, आणि तो दिवा तिच्या नव्वद वर्षांच्या आयुष्यातला किती लहान भाग होता हे कळले. ते चरित्र मी दोन दिवसांत संपविले. त्याला एक घरगुती कारण होते. ते शेवटी सांगेन.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. शहराचेच नाव तिला मिळाले. घराणे इंग्रज आणि गडगंज श्रीमंत. वडिलांनी दोन्ही मुलींना स्वतः ग्रीक व लॅटिन शिकविले. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष गोडी. अशा मुलीने चांगले स्थळ पाहून संसार थाटावा, एवढीच घरच्यांची अपेक्षा होती. पण १८४५ साली तिने सॉल्सबरीच्या रुग्णालयात जाऊन रुग्णसेवा शिकण्याचा मनोदय सांगितला आणि घरात एकच आकांत झाला. रुग्णालयातील नर्स म्हणजे अडाणी आणि दारूच्या आहारी गेलेली बाई, असा त्या काळी तिथे समज होता. आपली मुलगी लोकांचे मळके कपडे बदलणार, या कल्पनेनेच आईला लाज वाटली.

फ्लॉरेन्सने सहा वर्षे वाट पाहिली. १८५१ मध्ये जर्मनीतील कैसर्सवर्थ येथील संस्थेत सुमारे तीन महिने राहून तिने रुग्णसेवेचे शिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाची ती अधीक्षक झाली. तिने तिथे काय मागितले? प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी, जेवण वर चढविण्यासाठी पाळणा, आणि रुग्णाने वाजविली तर कोणाची ते कळेल अशी घंटा. नर्स जिने चढण्या-उतरण्यात दमली तर रुग्णाजवळ थांबणार कोण, हा तिचा साधा हिशेब होता.

पुढच्याच वर्षी इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह ती तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली. इमारतीखाली तुंबलेली गटारे, जमिनीवर दाटीवाटीने टाकलेले सैनिक, अंगात उवा, अंथरुणे ओली. तिने घासण्याचे ब्रश मागविले, धुलाईची सोय केली, रुग्णांना खाता येईल असे अन्न शिजवून घेतले. तरीही माणसे मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल होणाऱ्या दर शंभरांमागे सुमारे ४२ मृत्यू झाले. मार्चमध्ये सरकारी आरोग्य आयोग आला, गटारे उपसली गेली, हवा खेळती झाली, आणि जूनपर्यंत हेच प्रमाण सुमारे दोनांवर आले.

मित्रमैत्रिणींनो, तिच्या थोरवीची खरी कसोटी येथे लागते. १८५६ मध्ये ती परतली तेव्हा सारे इंग्लंड तिचा जयजयकार करीत होते. ती मात्र आकडे मांडीत बसली. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने हिशेब केल्यावर तिला दिसले की, बहुसंख्य सैनिक जखमांनी मेले नव्हते; टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते, आणि तिचे स्वतःचे रुग्णालयही त्या रोगांचे घर होते. हे सत्य तिने झाकून ठेवले नाही. आकृत्या काढून राज्यकर्त्यांपुढे मांडले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सदस्य करून घेतले. हा मान मिळविणारी ती पहिलीच स्त्री.

त्यानंतर तिने परिचारिकेच्या कामावर एक छोटे पुस्तक लिहिले. घरोघरी आजाऱ्याची उस्तवार करणाऱ्या सामान्य बायकांसाठी ते होते. खोलीत हवा यावी पण रुग्णाला गारठा लागू नये. दाराबाहेर कुजबुजू नये. न खाल्लेले ताट तासन्तास उशाशी ठेवू नये. नर्सने दिवसातून वारंवार हात धुवावेत. रुग्णाने किती खाल्ले, कसा झोपला हे डोळ्यांनी पाहून लक्षात ठेवावे. अंथरुणावर पडून होणाऱ्या जखमांचा दोष पुष्कळदा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, हे तिने निक्षून सांगितले. आणि एक गोष्ट तिला सर्वांत महत्त्वाची वाटे : आपण हजर असताना जे होते ते आपण नसतानाही व्हावे, अशी व्यवस्था लावून ठेवणे. जंतूंचा सिद्धांत तिने बराच उशिरा मान्य केला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तिची स्वच्छतेची शिकवण त्याआधीही उपयोगी पडलीच.

१८६० मध्ये जनतेने दिलेल्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. तेथे शिकलेल्या ॲग्नेस जोन्स १८६५ मध्ये बारा परिचारिकांसह लिव्हरपूलच्या अनाथ-अपंगांच्या सरकारी आश्रयगृहात गेल्या. तिथे बाराशेहून अधिक आजारी माणसे होती. त्यांत म्हातारे, लुळेपांगळे, कोणी नसलेले पुष्कळ. त्यांची सेवा तोवर आश्रयगृहातील निराधार बायकाच करीत. त्यांना ना शिक्षण होते ना धड मोबदला. गरिबाचा आजार श्रीमंताच्या आजाराहून वेगळा नसतो, त्यालाही शिकलेल्या हाताचा हक्क आहे, हा फ्लॉरेन्सचा आग्रह इथे प्रथम प्रत्यक्षात आला. ॲग्नेस जोन्स १८६८ मध्ये टायफसच्या तापाने वारल्या. वय अवघे पस्तीस. फ्लॉरेन्सला हा फार मोठा धक्का होता.

क्रिमियातील तापाने ती स्वतः खंगली होती. आयुष्याचा मोठा काळ तिने खोलीत, पुष्कळदा अंथरुणावरच काढला आणि तिथूनच हजारो पत्रे लिहिली. हिंदुस्थानात ती कधी आली नाही. पण इथले पाणी, दुष्काळ आणि आरोग्य यांवर तिने वर्षानुवर्षे लिहिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. शेवटी दृष्टी गेली. दुसऱ्यांची शुश्रूषा शिकविणारी ही बाई अखेरची वर्षे दुसऱ्यांच्या हातांवर विसंबून जगली. १९०७ मध्ये तिला ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. तो मिळविणारी ती पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये तिचे निधन झाले.

आता ते घरगुती कारण. माझी आई एका वृद्धाश्रमात काम करते. तिथे तिला सगळे मावशी म्हणतात. म्हाताऱ्यांना अंघोळ घालणे, कूस बदलणे, भरविणे, कपडे व चादरी बदलणे हे तिचे काम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. प्रवेशाच्या अर्जावर आईच्या व्यवसायापुढे मी ‘घरकाम’ असे लिहिले होते. खोटे लिहिले होते.

मागच्या पावसाळ्यात आई दोन दिवस रजेवर असताना तिथले एक आजोबा रात्री पाणी प्यायला उठले आणि पडले. मांडीचे हाड मोडले. आई रडत म्हणाली, “तांब्या त्यांच्या हाताशी ठेवावा लागतो गं. बदलीच्या बाईला मी सांगून गेले नाही.” तेव्हा मला वाटले, एवढ्याशा तांब्याचे काय? चरित्र वाचताना कळले की, फ्लॉरेन्स नाइटिंगेलने आयुष्यभर त्या तांब्याचीच काळजी वाहिली. आता आई सुट्टीवर जाताना कोण रात्री उठतो, कोणाला गिळायला त्रास होतो, कोणाची कूस कधी बदलायची हे वहीत लिहून घेते. आईला लिहिता येत नाही. ती सांगते, मी लिहिते.

यंदाच्या अर्जावर आईच्या व्यवसायापुढे मी ‘रुग्णसेविका’ असे लिहिले आहे. आईला वाचून दाखविले, तेव्हा ती काही बोलली नाही. पदराने हात पुसून तिने तो कागद नीट घडी घालून ठेवला.

— द्वितीय वर्ष, कला