शिक्षकांच्या शिक्षिका : ताराबाई मोडक

आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढणारा मी पहिलाच. पाढा चुकला की छडी, हीच माझी शाळेशी पहिली ओळख. म्हणूनच ताराबाईंचे चरित्र मला जवळचे वाटते.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई पदवीधर झाल्या. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. मूल मारावाचून, धाकावाचून शिकते, हे त्यांनी तेथे पाहिले. पण एकटी बाई किती मुलांना पुरणार? तेव्हा शिक्षकच घडवायला हवेत, हे त्यांनी ओळखले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. १९५७ मध्ये डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. तेथे त्यांनी बालसेविका तयार केल्या. आदिवासी मुले गुरे राखीत, शाळेत येत नसत. मुलांना दोष न देता शाळाच कुरणात गेली, तीच कुरणशाळा.

१९७३ साली ताराबाई निवर्तल्या. आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होतील. हात छडीकडे जाण्यापूर्वी त्यांना कोसबाडची टेकडी आठवावी, एवढीच इच्छा.