चारमिनारचा चौक काचेवर उतरवणारे राजा दीनदयाळ

चारमिनारचा जुना फोटो हाती आला की आधी त्यात घड्याळ आहे का ते पाहा. चारमिनार १५९१ सालचा, पण त्याच्या चार बाजूंची घड्याळे १८८९ मध्ये बसली. घड्याळ नसेल तर फोटो त्याआधीचा समजावा. आपल्या शहरातल्या या चौकाचे तेव्हाचे रूप ज्यांच्यामुळे आज पाहायला मिळते, त्यांत राजा दीनदयाळ यांचे नाव आधी घ्यावे लागते.

त्यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे झाला. रुडकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून १८६६ मध्ये ते इंदूरला बांधकाम खात्यात लागले. काम नकाशांचे आणि अंदाजपत्रकांचे. कॅमेरा हाती घेतला तो तिशीत, १८७४ च्या सुमारास. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना उत्तेजन दिले, ही आपणा मराठी मंडळींना आवडावी अशी गोष्ट. नकाशे काढणाऱ्याची नजर मात्र त्यांच्या फोटोंत कायम राहिली. इमारत सरळ उभी, कडा स्वच्छ.

पुढे सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ निघाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि १८९४ मध्ये 'राजा बहादूर मुसव्विर जंग' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. पडद्यातल्या स्त्रियांसाठी १८९२ साली वेगळा स्टुडिओ काढला, तिथे कॅमेऱ्यामागेही बाईच असे.

तेव्हा फोटो काढणे हा मोठा खटाटोप होता. जड लाकडी कॅमेरा, तिवई आणि काचा. जेवढी काच तेवढाच फोटो. चौकात कोणी हलले की तो माणूस पुसट यायचा. म्हणून अशा जुन्या फोटोंत कधी इमारत ठळक आणि चालणारी माणसे धुक्यासारखी दिसतात.

दरबार, शिकार, राजवाडे हे त्यांचे पोटापाण्याचे काम. पण निजामाच्या राज्यातल्या दुष्काळी कामांचेही फोटो त्यांनी काढले. माझ्या मते ते अधिक मोलाचे. त्यांतल्या माणसांची नावे आज कोणाला सांगता येणार नाहीत, चेहरे मात्र राहिले.

१९०५ साली ते वारले. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २८५७ काचेच्या निगेटिव्ह विकत घेतल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

तुमच्या घरी चारमिनारपुढे काढलेला जुना फोटो असेल तर आजी-आजोबांना विचारून मागे साल आणि नावे लिहून ठेवा. पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. शाई पुढच्या बाजूला उमटते.