डावा पाय

आयर्लंड देशातील डब्लिन शहरात एका गवंड्याच्या घरी १९३२ साली ख्रिस्ती ब्राऊनचा जन्म झाला. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत बेताची. काही महिने लोटले तरी ख्रिस्ती मान धरेना. त्याचे हातपाय ताठ होत, वेडेवाकडे हलत. पुढे त्याला बोलताही येईना. त्याला सेरेब्रल पाल्सी होती. या विकारात मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागाला इजा झालेली असते. स्नायू ऐकत नाहीत. बुद्धी मात्र शाबूत असू शकते. डॉक्टरांनी त्याला मतिमंद ठरवले. आईने ते मानले नाही.

ख्रिस्ती पाच वर्षांचा होता. बहीण पाटीवर गणिते सोडवत होती. अचानक त्याने डाव्या पायाच्या बोटांत तिचा खडू पकडला! आईने जमिनीवर इंग्रजीतले पहिले अक्षर, ए, काढून दाखवले. चुकत, घामाघूम होत त्याने ते पायाने गिरवले. हळूहळू त्याच पायाने तो लिहू लागला, चित्रे काढू लागला.

तो मोठा झाल्यावर डॉ. रॉबर्ट कॉलिस त्याच्या घरी आले. अशा मुलांवर उपचार सुरू करण्याची त्यांची धडपड होती. त्यांनी ख्रिस्तीला लंडनला आपल्या भावजयीकडे, आयरीन कॉलिस यांच्याकडे तपासणीसाठी पाठवले. सुधारणा होईल, पण डावा पाय वापरणे सोडावे लागेल, असे त्यांनी सांगितले. पायाने काम करताना बाकीचे अंग अधिकच आखडत होते. कारण बरोबर होते. तरी ज्या पायाने त्याला भाषा दिली तोच सोडायचा, ही अट मला फार कठोर वाटते. ख्रिस्तीने ती कबूल केली.

मग उपचार सुरू झाले. एकजण स्नायूंचे व्यायाम घेई, दुसरी व्यक्ती श्वास आणि उच्चार शिकवी. घरी आईवडील आणि भावंडे होतीच. आईने तर परसात त्याच्यासाठी वेगळी खोली बांधायला स्वतः विटा रचल्या. बोलणे पूर्वीपेक्षा स्पष्ट झाले. लेखन कसे करावे हे डॉ. कॉलिस समजावून देत. ख्रिस्ती मजकूर सांगे आणि भाऊ लिहून घेई. पण मनातले शब्द दुसऱ्याच्या हाती नीट उतरेनात. एके दिवशी तो चिडला, मोजा काढला आणि डाव्या पायाने लिहू लागला.

१९५४ साली त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'माय लेफ्ट फूट', म्हणजे माझा डावा पाय. १९७० साली त्याची कादंबरी आली. १९८१ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी, तो वारला. टंकलेखन यंत्रावर शेवटपर्यंत त्याचा डावा पायच चालत होता.